खंडेनवमीचे तीन डबे

घरात कुठलंही यंत्र आपल्याला न विचारता बसवलेलं नागोरावांना खपत नसे. हडपसरच्या एका कारखान्यात बत्तीस वर्षं लेथवर काढलेला माणूस तो. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी मिक्सरचा आवाज जरा बदलला की स्वयंपाकघरात डोकावून "बेअरिंग गेलंय" असं सांगितल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. त्यामुळे जूनमध्ये पुण्याजवळच्या मांजरी गावात त्यांच्या घरी वायफायचे नवे डबे बसवायला माणूस आला, तेव्हा त्या बिचाऱ्याला एकट्याने काम करायला मिळालं नाही. मुलगा शुभंकर ऑफिसला गेला होता, पण नागोराव शिडी धरायला हजर होते. शिडीची गरज नव्हती, हा भाग वेगळा.

घर तिमजली आणि चिंचोळं. खाली हॉल, स्वयंपाकघर आणि मागची खोली. मधल्या मजल्यावर शुभंकर आणि सून राजनंदिनी. सगळ्यात वर गच्चीला लागून एक खोली, तिथे टेबलं मांडून ऑफिस केलेलं. जुना एकच डबा हॉलमध्ये होता आणि त्याचा जोर वर पोचेपर्यंत संपून जायचा. मोबाइलच्या रेंजचं तर बोलायलाच नको. आजूबाजूला निम्मा ऊस आणि निम्मे अर्धवट बांधलेले मजले. फोन लागला तर लागायचा, इंटरनेट मात्र गच्चीच्या एका कोपऱ्यातच मिळायचं, तेही मिळालं तर.

डबे बसवायला आलेल्या माणसाचं नाव सुदर्शन. तिशीतला, कमी बोलणारा. त्याने पहिलंच वाक्य उच्चारलं आणि नागोरावांनी कान टवकारले.

"कुठला रे तू?"

"हिंगोली, काका."

"अरे, मी जिंतूरचा. मग तर तू घरचाच की. थांब, चहा टाकतो."

चहा पिता पिता सुदर्शनने सगळं समजावलं. "हा हॉलमधला मुख्य डबा. बाहेरची वायर ह्याच्यात येती. दुसरा जिन्यात बसवायलोय, तिसरा वरच्या खोलीच्या दाराशी. तिघं एकमेकाला धरून असतेत. तुम्ही फोन घेऊन वर चाललाव, की खालचा वरच्याला सांगतो, माणूस आता तुझ्याकडं आलाय, सांभाळ."

"म्हणजे आमच्या पाळीसारखं," नागोराव म्हणाले. "पहिल्या पाळीवाल्याने दुसऱ्याच्या हातात काम द्यायचं, मगच घरी जायचं."

"तसंच समजा. बंद केलं तर चालू करताना आधी मुख्य, मग जिन्यातला, मग वरचा. गडबड करायची नाही. मुख्य डब्याचा लाल दिवा पांढरा होईस्तोवर थांबायचं."

नागोरावांनी ते वहीत लिहून घेतलं आणि तिन्ही डब्यांच्या बुडाला लाल ऑइलपेंटने एक, दोन, तीन असे आकडे घातले. सुदर्शन हसला नाही. त्यासाठी तो नागोरावांना फार आवडला.

"अन् साहेबांनी तीन नेटवर्क करायला सांगितलेत," सुदर्शन जाता जाता म्हणाला. "एक ऑफिसचं, एक घराचं, एक पाहुण्यांचं. पाहुण्याच्या फोनमधी काही घाण असली तर ती तुमच्या लॅपटॉपापोत जात नाही. पाहुणे गेले की ते बंद करून टाकायचं."

नागोरावांना ही व्यवस्था पटली. कारखान्यातसुद्धा बाहेरच्या माणसाला गेटजवळच्या खोलीत बसवत.

पुढे जुलैमध्ये त्यांच्या फोनवर कुणीतरी फुकट रिचार्जची लिंक पाठवली आणि नागोरावांनी ती भक्तिभावाने उघडली. दोन दिवस फोनवर नको नको त्या जाहिराती नाचत होत्या. शुभंकरने कपाळाला हात लावला, "बाबा, किती वेळा सांगितलं, दिसेल त्याला बोट लावत जाऊ नका" असं सुनावलं, आणि "द्या इकडे, नीट करून देतो" म्हणत फोन घेतला. तेव्हापासून फोनमध्ये वायफायपुढे इंग्रजी अक्षरांत 'पाहुणे' असं दिसायला लागलं. नागोरावांनी त्याचा आपल्यापुरता अर्थ लावला. त्यांची मागची खोली बिल्डरच्या नकाशात गेस्ट रूम म्हणून दाखवलेली होती, आणि नकाशा वाचायची त्यांना सवय. खोलीचं नाव आलं असणार. पुन्हा बोलणी खाण्यापेक्षा न विचारलेलं बरं, असाही एक हिशेब त्यात होता.

आता राजनंदिनीबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यावरून घडलं.

राजनंदिनी नारायण पेठेतली. वडिलांचं तिथे वह्या-पुस्तकांचं दुकान. बोलणं असं, की ऐकणाऱ्याला टोमणा बसला हे घरी गेल्यावर कळावं. लग्न होऊन आली तेव्हा जिंतूरचा सासरा आणि पेठेतली सून यांचं कसं जमणार, अशी सगळ्यांना काळजी होती. सासूबाई सत्यशीलाताईंना तर फारच. पण दोघांचं जमलं ते कुणाच्या लक्षात येण्याआधीच. नागोरावांनी तिच्या शिलाई मशीनचं चाक नीट करून दिलं होतं, आणि तिने "बाबा, तुम्ही आमच्या पेठेत असता तर लोकांनी तुम्हाला दुपारी झोपू दिलं नसतं" असं म्हणून ते मान्य केलं होतं. तिच्या तोंडून ही मोठी पावती होती.

मुलीच्या, सलोनीच्या वेळी तिने सॉफ्टवेअर टेस्टिंगची चांगली नोकरी सोडली. वर्षभराने परत सुरू करू म्हणता म्हणता चार वर्षं गेली. आता सलोनी शाळेत जायला लागली आणि हिने अर्ज पाठवायला सुरुवात केली, तर जो तो विचारी, मधली चार वर्षं काय केलंत? दोन ठिकाणी शेवटच्या फेरीपर्यंत जाऊन नकार आला. दुसऱ्या नकाराच्या दिवशी ती स्वयंपाकघरात पाठमोरी उभी राहून कणीक मळत होती आणि खूप वेळ मळत होती. नागोराव पाणी प्यायला आले, तेव्हा मागे न वळता म्हणाली, "बाबा, मशीन चार वर्षं बंद पडलं तर भंगारात काढतात का हो?"

"येडी का काय," नागोराव म्हणाले. "तेलपाणी करून चालवतात. माझं लेथ संपात आठ महिने बंद होतं. पुढं वीस वर्षं चाललं."

ती हसली, पण त्या प्रश्नाने नागोराव आतून हलले. ह्या पोरीला नोकरी लागलीच पाहिजे, असं त्यांनी त्या दिवशी मनाशी घेतलं. स्वतःला मुलगी नव्हती त्यांना. असती तर हिच्याइतकं बोचरं बोलली नसती कदाचित, पण जीव एवढाच लागला असता.

आणि आता तिसऱ्या कंपनीची शेवटची फेरी आली होती. खंडेनवमीच्या दिवशी, दुपारी चार वाजता. परदेशी कंपनी, त्यांना खंडेनवमीचं काय? आठ दिवस राजनंदिनी वरच्या खोलीत दार लावून आरशासमोर मोठमोठ्याने इंग्रजीत उत्तरं देत होती. ह्याही वेळी नाही झालं तर मी अर्ज करणं सोडून देणार, असं तिने शुभंकरला सांगितलेलं नागोरावांनी जिन्यात ऐकलं होतं.

खंडेनवमी हा नागोरावांचा सण. दिवाळी सगळ्यांची, पण खंडेनवमी हत्यारवाल्यांची. कारखान्यात त्या दिवशी मशीन पुसून लख्ख करायचं, हळदकुंकू लावायचं, झेंडूची माळ घालायची, नारळ फोडायचा आणि त्याला विश्रांती द्यायची. वर्षभर माणसाचं पोट भरलेल्या यंत्राला एक दिवस कुणी हात लावायचा नाही. निवृत्तीनंतर तीन वर्षं ते पाना, पक्कड आणि माप घ्यायचं जुनं व्हर्नियर पाटावर मांडून पूजा करत. पण पक्कडीने आता घरात कुणाचं पोट भरत नव्हतं, आणि ही गोष्ट त्यांना दरवर्षी टोचायची.

ह्या वर्षी सत्यशीलाताई नवरात्रासाठी बहिणीकडे जिंतूरला गेल्या होत्या. सकाळी शुभंकर ऑफिसला गेला. नागोराव चौकातून झेंडूची फुलं आणायला गेले, परतताना त्यांना तो विचार सुचला आणि वाटेतच ते थांबले. घराचं पोट आज कुठलं यंत्र भरतं? वायफायचे डबे! मुलाचा पगार त्यातून येतो, सुनेची नोकरी त्यातूनच यायची. मग पूजा कुणाची करायला हवी? तीही आज, इंटरव्ह्यूच्या दिवशीच. ह्याहून चांगला मुहूर्त कुठला? इंटरव्ह्यू चारला. अकराला डबे काढू, पुसू, पूजा करू, दोनला पुन्हा जागच्या जागी. पोरगी खाली येईल तेव्हा कुंकू लावलेले डबे दाखवू. त्यांचं त्यांनाच इतकं बरं वाटलं, की शेवंतीचीही दोन फुलं जास्त घेतली.

घरी आले तेव्हा राजनंदिनी सलोनीला शाळेत सोडून वर गेलेली होती. चौरंग मांडला, कुकर लावला, आणि सव्वाअकराला नागोराव जिना चढून वर गेले. दाराआडून राजनंदिनीचं इंग्रजी ऐकू येत होतं. आरशासमोर चाललंय, त्यांनी ओळखलं. तिला त्रास नको म्हणून चप्पल काढून, श्वास धरून, त्यांनी दाराशेजारचा तीन नंबरचा डबा अलगद काढला. मग जिन्यातला दोन नंबर. मग हॉलमधला एक नंबर. तिन्ही ओळीने चौरंगावर ठेवले. मऊ फडक्याने पुसले, हळद लावली, कुंकू लावलं. माळ घालणार, एवढ्यात वरचं दार धाडकन उघडलं आणि जिन्यावर पावलं वाजली.

राजनंदिनी खाली आली. वर इस्त्रीचा निळा शर्ट, खाली घरातला फुलाफुलांचा पायजमा. हातात उघडा लॅपटॉप. तिने चौरंगाकडे पाहिलं, डब्यांकडे पाहिलं, नागोरावांच्या हातातल्या माळेकडे पाहिलं.

"बाबा," ती म्हणाली, "माझा इंटरव्ह्यू चालू होता."

"चारला ना?"

"अकराला केला त्यांनी. काल रात्री घरच्या ग्रुपवर टाकलं होतं मी."

नागोरावांच्या हातातली माळ तशीच लोंबत राहिली. बत्तीस वर्षांत त्यांच्या हातून एकदाच मोठं काम बिघडलं होतं, ते त्यांना आठवलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. पण तिचा आवाज अगदी सपाट होता, आणि त्यांना तो ऐकवेना.

"किती वेळ आहे?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही. मधेच तुटलं. बहुतेक संपलंच."

"संपलं नाही. त्यांना पाच मिनिटं मागून घे. फोनवरून कळव. गच्चीच्या कोपऱ्यात जा."

ती पळाली. नागोरावांनी माळ बाजूला टाकली, कुकरखालचा गॅस बंद केला, कारण शिट्टी झाली असती, आणि एक नंबरचा डबा उचलला. आधी मुख्य. बाहेरची वायर मागच्या निळ्या खाचेत, मग वीज. लाल दिवा लागला. हात कामाचे होते; कुठे काय जायचं ते त्यांना ठाऊक होतं. दोन आणि तीनच्या नादी ते लागलेच नाहीत. चौरंगाशेजारी सत्यशीलाताईंचा बसायचा पाट ओढला, बसणाऱ्याच्या पाठीमागे रिकामी भिंत येईल असा फिरवला, आणि लाल दिव्याकडे बघत बसले.

राजनंदिनी खाली आली. "पाच मिनिटं दिली त्यांनी."

"वर जाऊ नको. इथंच बस. ह्याच्याजवळ. एकट्या मुख्य डब्याचा जोर इथं पुरेल."

ती पाटावर बसली, लॅपटॉप चौरंगावर ठेवला. शेजारी हळदकुंकवाने माखलेले दोन मुके डबे आणि एक लाल दिवा. दोघं त्या दिव्याकडे बघत होती. तीन मिनिटं माणसाला किती लांब असतात, ते तेव्हा दोघांना कळलं. दिवा पांढरा झाला तशी राजनंदिनीने केस मागे सारले, आणि नागोराव स्वयंपाकघरात जाऊन स्टुलावर बसले.

इंग्रजी त्यांना फारसं येत नव्हतं. बाईचा आवाज होता पलीकडे, आणि एका पुरुषाचा. बाईने काहीतरी विचारलं. राजनंदिनी उत्तर देत होती, त्यात 'फादर-इन-लॉ' आलं, 'मशीन' आलं, 'पूजा' आलं. नागोरावांनी डोळे मिटून घेतले. आता ही आपल्यावर ढकलणार, आणि ढकलावंच तिने, खरंच आहे ते. मग ती थांबली आणि स्पष्ट शब्दांत म्हणाली, "आय शुड हॅव टोल्ड हिम. माय मिस्टेक."

तेवढं त्यांना समजलं. बत्तीस वर्षांत चार सुपरवायझर झाले, एकाच्याही तोंडून हे शब्द त्यांनी ऐकले नव्हते. डोळ्यांत पाणी आलं तेव्हा त्यांनी ते धोतराच्या सोग्याने पुसलं आणि आवाज होऊ नये म्हणून नाकही ओढलं नाही.

इंटरव्ह्यू आणखी पाऊण तास चालला. संपल्यावर राजनंदिनी स्वयंपाकघरात आली आणि ओट्याला टेकून उभी राहिली.

"कसा झाला?"

"काय माहीत. सुरुवातीचा चांगला झाला होता. नंतरचा कसा झाला, मला आठवतच नाहीये."

"नंदिनी, माझं चुकलं," नागोराव म्हणाले. "तुझं नाही, माझं. आमच्या खात्याचे जयसिंग मिस्त्री होते. त्यांनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं, मशीनवर कुणाचं काम लागलंय ते विचारल्याशिवाय मशीन थांबवायचं नाही. खंडेनवमीलासुद्धा आम्ही आधी मोठ्याने ओरडायचो, थांबवतोय रे! आणि दसऱ्यानंतर चालू करताना जयसिंग मिस्त्रींपुढं जाऊन विचारायचो, मिस्त्री, चालू करू का? ते मशीनवर हात ठेवायचे, म्हणायचे, कर. मगच बटण. आज मी कुणालाच विचारलं नाही. तुला आनंद व्हावा म्हणून गुपचूप करायला गेलो."

"आमच्याकडे पुस्तकं ठेवायचे पूजेला," राजनंदिनी म्हणाली. "मी मुद्दाम गणिताचं पुस्तक सगळ्यांत खाली ठेवायचे. दोन दिवस सुटका." ती किंचित हसली. मग एकदम गंभीर झाली. "पण बाबा, तुम्ही ग्रुपवर मेसेज पाहिलाच नाही? आईंनी तर जिंतूरहून देवीचा फोटो पाठवला."

"दोन दिवस काहीच येत नाही बघ. भजनंपण येत नाहीत. म्हटलं, पुन्हा काही बिघडवलं असेल मी. शुभंकरला सांगितलं तर परत ओरडा."

तिने त्यांचा फोन घेतला. उघडून बघितला, आणि बघतच राहिली. 'पाहुणे', आणि त्याखाली, नेटवर्क मिळत नाही. शनिवार-रविवार शुभंकरचे दोन मित्र राहून गेले होते. ते गेले आणि शुभंकरने ठरल्याप्रमाणे पाहुण्यांचं नेटवर्क बंद केलं होतं.

"बाबा, हे पाहुण्यांचं नेटवर्क आहे. तुमचा फोन ह्याच्यावर कुणी टाकला?"

"शुभंकरने. ते माझ्या खोलीचं नाव ना? नकाशात गेस्ट रूमच लिहिलंय."

राजनंदिनीने फोन ओट्यावर ठेवला आणि त्यांच्याकडे बघितलं. तेवढ्यावरून नागोरावांना समजलं. घराचं नेटवर्क वेगळं होतं आणि आपण त्यात नव्हतो. जुलैपासून नव्हतो. फार लागलं त्यांना ते. ज्या घराच्या पायाभरणीला स्वतः पाणी मारलं, त्या घरात.

संध्याकाळी शुभंकर दारातूनच सुरू झाला. बायकोने फोनवर अर्धंच सांगितलं होतं. "बाबा, तुम्ही हात कशाला लावता त्याला? नंदूची इतक्या दिवसांची मेहनत! एकदा विचारायचं तरी!"

"विचारणार कसे?" राजनंदिनी म्हणाली. "मी ग्रुपवर टाकलं आणि मोकळी झाले, दोन जिने उतरून सांगायचे माझ्या पायांना कष्ट. आणि तू त्यांना मेसेज पोचेल अशी सोयच ठेवली नाहीस. पाहुणे गेले, पाहुण्यांचं नेटवर्क बंद केलं. बाबा राहिले. आता एवढ्या धावपळीत कुणाच्या लक्षात यायचं, नाही का?"

शुभंकरला समजायला क्षणभर लागला. मग त्याचा चेहरा उतरला. "बाबा, ते... लॅपटॉपवर ऑफिसचं असतं सगळं, म्हणून सेफ्टीसाठी... तात्पुरतं केलं होतं. मी विसरूनच गेलो."

"विसरलास ते दिसतंय," नागोराव म्हणाले. "पाहुण्याला निदान चहा तरी विचारतात. माझा मी करून पितो." बोलायला गेले गमतीत, पण जमलं नाही, आणि ते उठून मागच्या खोलीत गेले. सत्यशीलाताईंचा फोन आला तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं. "आता चालू करून दिलंत ना?" त्या म्हणाल्या. "मग जेवा. रडत बसू नका एकटेच."

दुसऱ्या दिवशी दसरा. सकाळी शुभंकर आपट्याची पानं घेऊन खोलीत आला. बापाच्या हातात सोनं दिलं, वाकून पाया पडला, आणि वाकलेलाच राहिला जरा. मग फोन मागितला. नागोरावांनी दिला. त्याने समोर बसून तो घराच्या नेटवर्कवर घातला आणि पासवर्ड कागदावर लिहून त्यांच्या वहीत ठेवला, जिथे सुदर्शनने सांगितलेला क्रम लिहिलेला होता. "कुणाला द्यायचा, कुणाला नाही, ते तुम्ही ठरवा," तो म्हणाला. फोन टुणटुण करत तीन दिवसांचं सगळं उतरवायला लागला. त्यात राजनंदिनीचा तोही मेसेज आला. उद्या अकराला आहे, बाबा, आशीर्वाद द्या. नागोरावांनी तो दोनदा वाचला.

त्यानंतरचे नऊ दिवस घरात कुणी इंटरव्ह्यूचं नाव काढलं नाही. राजनंदिनी जरा जास्तच बडबड करायची, आणि नागोरावांना जेवण जायचं नाही. डबे जागच्या जागी होते, कुंकू कुणी पुसलं नव्हतं. रोज सकाळी ते तिन्ही दिवे पांढरे आहेत का ते बघून यायचे. ह्यापलीकडे आपल्या हातात काही नाही, ह्याचा त्यांना राग यायचा.

दहाव्या दिवशी दुपारी राजनंदिनी जिन्यातूनच ओरडत आली. काय ओरडत होती ते तिचं तिलाही कळत नसावं. नागोराव धडपडत उठले, तर तिने त्यांचे दोन्ही हात धरले आणि नुसती मान हलवली, हो, हो. मग रडली. नागोरावही रडले. सलोनी दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली आणि शेवटी तीही रडायला लागली, म्हणून मग दोघांना हसावं लागलं.

कामावर रुजू व्हायचा दिवस सोमवार. साडेआठला नागोराव हॉलमध्ये चहा घेत बसले होते. वर दार वाजलं. राजनंदिनी दोन्ही जिने उतरून खाली आली. निळा शर्ट, खाली तोच फुलाफुलांचा पायजमा. कंपनीने पाठवलेला नवा लॅपटॉप छातीशी धरलेला. शुभंकर बूट घालत होता, तो बघत राहिला.

ती नागोरावांसमोर उभी राहिली.

"मिस्त्री," ती म्हणाली, "चालू करू का?"

नागोरावांनी कप खाली ठेवला. हात धोतराला पुसला आणि लॅपटॉपवर ठेवला.

"कर," ते म्हणाले.